आत्याबाईंसकट वजन

मला कुणी जुना म्हटलेलं आवडत नाही. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मित्रांनो? मी एक जुना पिकअप ट्रक आहे. माझा रंग मूळचा आकाशी. आता तो कुठे आकाशी, कुठे तांबूस आणि पुढच्या मडगार्डवर चक्क पांढरा आहे, कारण ते मडगार्ड दुसऱ्याच एका गाडीचं आहे. उजव्या बाजूचं दार आतून उघडत नाही. काच खाली करून बाहेरून हात घालावा लागतो. सकाळी चालू व्हायला मी थोडा वेळ घेतो, पण तो विचार करण्यासाठी घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दर चार मिनिटांनी एक पिकअप जन्माला येई, त्यामुळे मला भावंडं किती हे विचारू नका. चाकं एकाने लावली, दारं दुसऱ्याने. शेवटी एका बाईंनी माझ्या दाराच्या आतल्या कडेला एक कागद चिकटवला, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, "जा बाबा." एवढंच माझं कोडकौतुक. त्या कागदावर मी पाठीवर किती वाहू शकतो आणि मागे किती ओढू शकतो, ते छापलेलं होतं. गाडी, ट्रॉली, सामान आणि माणसं, सगळं मिळून जास्तीत जास्त किती, हेही होतं. मित्रांनो, तो कागद लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत दुष्ट माणूस एकही नाही. न वाचलेला कागद मात्र एक आहे.

तिथून मी शोरूममध्ये आलो. माझ्या डावीकडे एक थोरला पिकअप उभा असे. तो इतका उंच होता की त्यात चढायला दोन पायऱ्यांचं स्टूल लागे. उजवीकडे एक शहरी पिकअप होता, चकचकीत, ठेंगणा. त्याचा हौदा एवढासा की दोन सुटकेसी ठेवल्या तर तिसरी मांडीवर घ्यावी लागावी. मी मधला. मधल्या मुलाकडे घरात लक्ष जात नाही, तसं माझ्याकडेही जात नसे. आमचा विक्रेता भडक टाय लावायचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणे. "हा तुम्ही म्हणाल ते ओढतो आणि तुम्ही म्हणाल तिथे वळतो," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. माझं काय म्हणणं आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

एके दिवशी शोरूमसमोर एक ट्रॅक्टर येऊन थांबला. त्याच्यामागे ट्रॉली, ट्रॉलीत लाकडी पेट्या, आणि पेट्यांतून गूं गूं आवाज. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा होता. ट्रॉली, पेट्या आणि गूं गूं हे सगळं माशीदादांचं.

माशीदादा मधमाश्या पाळत. त्यांच्या तीस पेट्या होत्या. टेकडीवरच्या फळबागांना फुलोरा आला की ते पेट्या ट्रॉलीतून वर नेऊन ठेवत. दोन महिने माश्या बागेत राबत आणि मग दादा पेट्या खाली घरी आणत. हे काम ते तीस वर्षं करत होते आणि तीस वर्षांत त्यांनी कशाचंही माप घेतलेलं नव्हतं. सगळं अंदाजाने. अंदाज चुकला तरी ते त्याला अनुभव म्हणत.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे. वहिनींचं काचेचं दुकान होतं. घरोघरच्या खिडक्यांची तावदानं कापायची, नेऊन बसवायची, कडेने लांबी, म्हणजे काच पक्की करणारी पुट्टी, भरायची. काच एक केसभर मोठी कापली तर बसत नाही आणि केसभर लहान कापली तर पडते, म्हणून वहिनींच्या कमरेला कायम टेप असे. त्या बोलण्याआधीसुद्धा माप घेत असाव्यात.

आणि तिसऱ्या होत्या दादांच्या थोरल्या बहीण. गल्लीतली मुलं त्यांना आत्याबाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. आत्याबाईंचे गुडघे दुखत. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. बांधा भरदार, आवाज त्याहून भरदार, आणि स्मरणशक्ती अशी की कुणी कधी काय म्हटलं होतं ते तारीखवार सांगत. घरात त्यांच्या समोर कुणी फारसं विधान करत नसे.

झालं होतं असं, की दादांचा जुना ट्रक आणि वहिनींची छोटी गाडी या दोघांनी एकाच महिन्यात मान टाकली होती. घरामागच्या शेडमध्ये जागा एकाच गाडीची आणि ऐपतही एकाच गाडीची. तेव्हा पेट्याही ओढेल आणि रोजच्या कामालाही येईल अशी एकच गाडी घ्यायची असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, तीन आठवडे भांडण झालं आणि चौथ्या आठवड्यात दोघंही दमली.

वहिनींनी शोरूमच्या अंगणात खडूने दोन रेघा मारल्या. ती त्यांच्या दुकानाच्या गल्लीची रुंदी, वळणासकट. थोरला त्या रेघांत शिरला आणि अडकला. टायवाला त्याला मागेपुढे करत राहिला, आत्याबाईंनी तेवढ्यात शोरूममधला चहा दोनदा घेतला. शहरी गिरकी घेऊन बाहेर पडला. मी जरा कुरकुरत का होईना, पण वळलो.

मग काचेची परीक्षा. वहिनींनी घरून तीन सारखी तावदानं आणली होती. एकेक तावदान एकेका गाडीच्या हौद्यात उभं बांधायचं आणि समोरच्या रस्त्यावरच्या चार स्पीडब्रेकरवरून गाडी न्यायची. तेवढ्यात दादा म्हणाले, "ट्रॉलीत साखर आहे, ती आधी उतरवतो. ट्रॉलीत फक्त पेट्या हव्यात. परीक्षा कशी चोख झाली पाहिजे." फुलं नसतात त्या दिवसांत माश्यांना साखरेचा पाक घालतात, म्हणून दादांनी येता येता चार पोती साखर घेतली होती. ती त्यांनी सगळ्यांत जवळच्या गाडीत टाकली.

जवळची गाडी म्हणजे मी.

थोरल्याच्या हौद्यातलं तावदान दुसऱ्याच स्पीडब्रेकरला तडकलं. शहरीचं तिसऱ्याला. मी चारही ओलांडून आलो आणि वहिनींनी तावदानावर बोट फिरवून पाहिलं, तर एक चरासुद्धा नव्हता. आत्याबाई मुद्दाम माझ्यात बसून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाळण्यात बसल्यासारखं वाटलं बाई. गुडघा एकदाही कुरकुरला नाही." मित्रांनो, मी तेव्हा इतका फुगलो की चाकांतली हवा वाढली असेल.

शेवटी ओढण्याची परीक्षा. शोरूमच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ होता. ट्रॉली मला जोडली आणि मी ती हसतखेळत वर नेली. खाली आल्यावर टायवाला एक फॉर्म घेऊन बसला.

"पेटीचं वजन किती धरू?"

"पेटीचं असतं तेवढं," दादा म्हणाले.

"म्हणजे किती?"

"अहो, पेटी म्हणजे पेटी."

वहिनींनी हळूच विचारलं, "अहो, पण मधाने भरल्यावरही तेवढंच?"

"तीस वर्षं पेट्या उचलतोय मी," दादा हसले आणि विषय मिटला.

टायवाल्याने पुढचा रकाना वाचला. "नेहमी बसणाऱ्या माणसांची वजनं?" दादांनी आपलं सांगितलं, वहिनींनी आपलं सांगितलं. मग तिघांनीही आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"लिहा, बेताचं."

टायवाल्याने मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि खरोखरच 'बेताचं' असं लिहिलं. एवढ्यात पेटीतून निसटलेली एक माशी त्याच्या टायवर येऊन बसली, त्यामुळे उरलेले रकाने त्याने स्वतःच्या मनाने भराभर भरले. अशा रीतीने माझी निवड झाली.

पहिल्या आठवड्यातच माझं बिंग फुटलं. साखर माश्यांच्या पोटात गेली होती आणि माझा हौदा मोकळा होता. मागच्या चाकांवर माझे जे लोखंडी पाटे आहेत ते ओझं वाहण्यासाठी केलेले आहेत. पाठीवर वजन असलं की ते गुमान बसतात आणि पाठ मोकळी असली की प्रत्येक खड्ड्याला उडी मारतात. यात माझा काय दोष? पण काचेला कोण समजावणार? त्या आठवड्यात अकरा तावदानं तडकली. वहिनी एकेक तुकडा उचलून माझ्याकडे अशा बघत, जणू मी ती चावून फोडली होती.

"अहो, ही गाडी आहे की चाळण?" त्या दादांना म्हणाल्या.

"तू चालवतेसच तशी," दादा म्हणाले. त्या रात्री घरात भांड्यांचे आवाज जास्त आले.

आत्याबाईंचे तर हाल झाले. दवाखान्यात जाताना त्यांचे गुडघे जेवढे दुखत, त्याहून जास्त येताना दुखत. एकदा एका खड्ड्यात त्यांचं डोकं छताला लागलं आणि अंबाडा सुटला. त्यानंतर त्या एका हाताने छत आणि दुसऱ्या हाताने अंबाडा धरून बसू लागल्या.

दादा मात्र माझ्यावर खूश होते. फुलोरा आला तेव्हा मी तीसच्या तीस पेट्या एका खेपेत टेकडीवर नेल्या. दादांनी मला स्वतःच्या हाताने धुतलं, आरसे पुसले आणि शेजाऱ्यापाशी माझं कौतुक केलं, "ट्रक नाही, हत्ती आहे हत्ती." मी लाजलो. आपण भुकेल्या माश्या वर नेल्या आहेत आणि खाली त्यांची कमाई आणायची आहे, हे माझ्याही लक्षात आलं नाही. कागद माझ्याच दारावर होता, पण तो आतल्या बाजूने. मला तो दिसत नाही.

दोन महिन्यांनी आम्ही पेट्या आणायला गेलो. कुणाला काही लागलं नाही हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. पहाटे माश्या आत असताना दादांनी पेट्यांची दारं बंद केली आणि दोन गड्यांना घेऊन त्या ट्रॉलीत चढवल्या. गडी कण्हत होते. दादा म्हणाले, "खाऊन आला नाहीत वाटतं." आत्याबाई हवा खायला म्हणून सोबत आल्या होत्या, त्या माझ्यात बसल्या. आणि आम्ही उताराला लागलो.

मित्रांनो, चढताना मी ट्रॉलीला ओढलं होतं. उतरताना ट्रॉलीने मला ढकललं. पहिल्या वळणाला मला वाटलं, मागून कुणी धक्का दिला. दुसऱ्या वळणाला ब्रेकमधून वास यायला लागला. तिसऱ्या वळणाला दादांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले. मागे तीस पेट्या एका सुरात गूं गूं करत होत्या. आत्याबाईंनी एका हाताने छत धरलं, दुसऱ्याने अंबाडा, आणि डोळे मिटून विचारलं, "पोचलो का रे?"

उतार संपतो तिथे एका शिंप्याचं दुकान आहे. दुकानासमोर बांधकामाच्या वाळूचा मोठा ढीग होता. दादांनी मला त्या ढिगात घातलं. मी थेट बॉनेटपर्यंत रुतलो आणि थांबलो. ट्रॉली मात्र अर्धवट फिरली आणि तिचा एक कोपरा शिंप्याच्या खिडकीला लागला. खळ्ळकन आवाज झाला. त्या खिडकीचं तावदान नवं कोरं होतं, त्याची लांबीसुद्धा ओली होती. ते नुकतंच बसवून, दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून वहिनी त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या.

शिंप्याने फुटक्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एक पेटी उघडलेली पाहिली आणि डोकं आत घेतलं. वहिनींनी कमरेची टेप काढली, खिडकीचं माप पुन्हा घेतलं आणि पायी घरी निघून गेल्या.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मी शेडमधून ऐकलं.

"विकून टाका ही गाडी," वहिनी म्हणाल्या. "या पैशांत दोन गाड्या येणार नाहीत. तुम्ही तो थोरला घ्या, पेट्या ओढा. मी दुकान बंद करते."

"तू कशाला बंद करतेस?" दादा ओरडले. "मी माश्या देऊन टाकतो. तू तो शहरी घे."

"तीस वर्षांच्या माश्या देणार? काही बोलू नका."

"आणि तू दुकान बंद करणार? तू काही बोलू नकोस."

इतके दिवस दोघं आपापल्यासाठी भांडत होती, आता एकमेकांसाठी भांडायला लागली. आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. मला फार वाईट वाटलं. मी विकला जाणार याचं वाटलंच, पण माझ्यापायी या घरातलं एक काम कायमचं बंद पडणार होतं. एक तर पेट्या जातील, नाही तर काच.

दुसऱ्या दिवशी माझ्या समोरच्या काचेवर 'विकणे आहे' असं लिहिलं गेलं. आठवड्यांमागून आठवडे गेले. मला कुणी धुईना. हौद्यात पालापाचोळा साठला, गल्लीतल्या मांजरीने शेडच्या कोपऱ्यात तीन पिल्लं घातली. पिल्लांमुळे निदान सोबत झाली. मग एक फर्निचरवाला मला बघून गेला आणि रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दादा माश्यांसाठी पुन्हा चार पोती साखर घेऊन आले. पोती माझ्याच हौद्यात होती. उतरवायला मदत लागते आणि मदतीसाठी बोलावं लागतं, आणि घरात तर सगळ्यांचा अबोला. पोती तशीच राहिली. वर ताडपत्री टाकून दादा निघून गेले.

सकाळी वहिनींना एका सलूनमध्ये आरसा पोचवायचा होता. आरसा कसला, भिंतच होती ती. जाता जाता आत्याबाईंना दवाखान्यातही न्यायचं होतं. आरसा बांधताना वहिनींनी ताडपत्रीखाली काय आहे हे पाहिलंसुद्धा नाही. "फुटू दे," त्या आरशालाच म्हणाल्या. "एवढ्या फुटल्या, तूही फूट." आणि आम्ही निघालो. पहिला स्पीडब्रेकर गेला. दुसरा गेला. खड्ड्यांची गल्ली गेली. वहिनींचे दात आवळलेलेच होते. सलूनपाशी त्या उतरल्या, मागे गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. आरशात त्यांना स्वतःचा सबंध चेहरा दिसत होता.

आरसा भिंतीवर चढला. वहिनी परत येऊन बसल्या आणि त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. एक छतावर नाही की एक अंबाड्यावर नाही.

"मागे फिर," त्या म्हणाल्या.

"कुठे, वन्सं? दवाखाना पुढे आहे."

"त्या स्पीडब्रेकरवरून पुन्हा ने मला."

वहिनींनी नेलं. मग पुन्हा नेलं. सलूनमधली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन बघायला लागली. तिसऱ्या फेरीला आत्याबाई म्हणाल्या, "आज माझे गुडघे दुखत नाहीयेत. ही गाडी घेतली त्या दिवशीही दुखले नव्हते. मधे रोज दुखले. त्या दिवशी या गाडीत काय होतं गं?"

"आपणच होतो की."

"आपण रोजच असतो. मागे काय होतं? आठव. तुझा नवरा म्हणाला होता, ट्रॉलीत फक्त पेट्या हव्यात..."

वहिनींनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. त्या धावत मागे गेल्या, ताडपत्री वर केली, आणि साखरेच्या पोत्यांकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी दादांना शेडमध्ये बोलावलं. "अरे, तुम्ही दोघांनी परीक्षाच उलटी घेतलीत," त्या म्हणाल्या. "काचेची घेतलीत ती गाडी भरलेली असताना, आणि पेट्यांची घेतलीत ती पेट्या रिकाम्या असताना. आता या मुक्या गाडीने काय करायचं?"

मला रडू फुटलं असतं, पण वायपर बंद होते.

वहिनींनी माझं दार उघडलं आणि तो कागद पहिल्यांदा मोठ्याने वाचला. मग दादांना विचारलं, "भरलेल्या पेटीचं वजन किती?"

"पेटी म्हणजे..." दादांनी सुरुवात केली. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. दादा खाली बघत म्हणाले, "माहीत नाही."

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला असावा. वहिनींनी कमरेची टेप काढून त्यांच्या हातात ठेवली. वजनाला टेपचा काही उपयोग नसतो, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते दादांना कळलं.

उताराच्या वरच्या टोकाला, फळांच्या गाड्या मोजतात तिथे, एक वजनकाटा आहे. शनिवारी दादांनी ट्रॉलीत तीस पेट्या आणि त्यांतून काढलेला सगळा मध डब्यांसकट भरला. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने ट्रॉली वर नेली आणि मी मागून गेलो. काट्यावर ट्रॉली मला जोडली. काटेवाल्याने आपल्या छोट्या खिडकीतून हात हलवला.

"माणसं उतरा!"

दादा उतरले. वहिनी उतरल्या. आत्याबाई बसून राहिल्या.

"बाई, उतरा."

"कागदावर काय लिहिलंय? माणसांसकट. हे दोघं पुन्हा बसतील. तू आमच्यासकट मोज."

"मग असं करू. एकदा तुमच्यासकट मोजतो, एकदा तुमच्याशिवाय..."

"एकदाच!" आत्याबाईंचा आवाज असा लागला की काट्यावरचा आकडा हलला. "माझ्यासकट. आणि वजा करायचं नाही."

काटेवाल्याने खिडकी अर्धी लावून घेतली आणि मोजलं. आकडा ऐकून दादा पायरीवर बसले. माझ्या कागदावर लिहिलं होतं त्याच्या कितीतरी वर होता तो. मग एकेक पेटी आणि तिच्या वाट्याचा मध उतरवायला सुरुवात झाली. पंचवीस झाल्या, आकडा वरच. वीस झाल्या, वरच. सोळा पेट्यांवर आकडा कागदाशी जुळला.

"म्हणजे दोन खेपा," वहिनी म्हणाल्या. "आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवायचे."

"तीस वर्षं मी एका खेपेत..." दादा बोलता बोलता थांबले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे, म्हणजे माझ्या आत बसलेल्या बहिणीकडे गेलं. "ताई खाली उतरली तर आणखी दोन पेट्या तरी सहज..."

पेट्यांतली गूं गूं सुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"उतरू का रे?" आत्याबाईंनी गोड आवाजात विचारलं.

"नको, नको. बस तू, ताई."

रविवारी फर्निचरवाला आला तेव्हा वहिनी पात्याने माझ्या काचेवरची अक्षरं खरवडत होत्या. 'विकणे' गेलं होतं आणि नुसतं 'आहे' उरलं होतं. दादा शेडच्या कोपऱ्यातली मांजरीची पिल्लं टोपलीत काढत होते. दोघांचं बोलणं सुरू झालं होतं. तेही भांडणच होतं, पण नेहमीचं. फर्निचरवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो आपला निघून गेला.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. साखरेला मुंग्या लागायला लागल्या, तेव्हा वहिनींनी जाड कापडाच्या चार पिशव्या शिवून घेतल्या, त्याच शिंप्याकडून, आणि त्याच्याच दारातल्या ढिगाची वाळू त्यांत भरली. त्या पिशव्या काचेच्या दिवशी हौद्यात आणि पेट्यांच्या दिवशी शेडमध्ये. काचा शाबूत राहिल्या. पेट्या दोन पहाटांना, दोन खेपांत यायला लागल्या.

आणि दर वर्षी उतरण्याआधी काट्यावर थांबायचं, हा रिवाज झाला. आत्याबाई त्यासाठी ठेवणीतलं नेसून येत. काटेवाला त्यांना आधी पाणी आणून देई, मग मान दुसरीकडे वळवून आकडा वाचे. चिठ्ठीवर माणसांच्या रकान्यात तो दर वर्षी लिही, 'बेताचं'. त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या पुढच्या खणात आहेत.

मग एका वर्षी आम्ही आत्याबाईंशिवाय वर गेलो. त्यांचे गुडघे त्या हिवाळ्यात कायमचे दुखायचे थांबले होते.

काटेवाला पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. डावीकडची जागा रिकामी पाहिली आणि पेला हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने वजन केलं, चिठ्ठी दिली. सोळाच पेट्या होत्या, पण आकडा कमी आला होता.

दादांनी खणातून मागच्या वर्षीची चिठ्ठी काढली. आयुष्यभर कधी मापाच्या वाटेला न गेलेल्या त्या माणसाने खिशातून पेन्सिल काढली, एका आकड्याखाली दुसरा आकडा मांडला आणि शेजारी वजाबाकीची छोटी रेघ ओढली.

वहिनींनी पेन्सिलवर हात ठेवला.

"वजा करायचं नाही म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या. एरवी जगात काही मोजायचं बाकी ठेवलं नसेल त्यांनी.

दादांनी चिठ्ठ्यांची घडी केली. ट्रॉलीत आता आणखी दोन पेट्या सहज बसल्या असत्या. गड्यांनी विचारलंही. दादा म्हणाले, "नको. सोळाच." आम्ही सोळाच घेऊन उतरलो. आजही सोळाच नेतो. काम मला थोडं हलकं जातं, पण मला ते आवडत नाही.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. जवळच्या फेऱ्या करतो, बाकी शेडमध्ये असतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी गाडी असेल, घोडा असेल, नाही तर सगळ्यांची कामं करणारं एखादं माणूस असेल, तर त्याच्यावर ओझं टाकण्याआधी त्याच्या दारावरचा कागद वाचा. कागद नसला तर विचारा. चाकांत हवा भरा आणि अधूनमधून धूत जा. धुतलेलं सगळ्यांनाच आवडतं.

आणि हो, गल्लीतली मुलं माझ्या हौद्यात खेळतात तेव्हा कधी कधी विचारतात, आत्याबाईंचं वजन खरं किती होतं? तो आकडा जगात फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं त्या माझ्या डाव्या सीटवर बसल्या, त्या बाजूच्या स्प्रिंगला तो तंतोतंत पाठ आहे. रिकामी असली तरी ती बाजू अजून थोडी खाली झुकून असते.

पण मी सांगणार नाही. बेताचं होतं.